वाळवंटातलं खुराडं कोकणात चालत नाही

उन्हाळा लागला की एक मजकूर गटागटांतून फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राजस्थानच्या वाळवंटात ४५ अंशांत लोक परसात कोंबड्या पाळतात आणि त्या अंडीही देतात. कोकणात पारा ३४ च्या पुढे क्वचित जातो, तरी कोंबड्या मरतात, म्हणजे दोष पाळणाऱ्याचा. मग उपायांची यादी येते. खुराड्याच्या भिंती जाड आणि बंद ठेवा, फॉगर (पाण्याचा बारीक फवारा) लावा, ओली गोणपाटं बांधा, जमिनीवर पाणी मारा, दुपारी भिजवलेला कोंडा द्या. गावठी कोंबडी असेल तर काहीच करू नका, तिला उन्हाळा बाधत नाही. आणि पाऊस पडला की सुटलात.

यातले बरेच उपाय वाळवंटात खरोखर उपयोगी पडतात. म्हणूनच हा मजकूर पटतो, आणि म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तेच उपाय केले तर कोंबडी वाचण्याऐवजी मरण्याची शक्यता वाढते.

आधी '३४ म्हणजे काहीच नाही' हे बघू. कोंबडीला घाम येत नाही, तिला घामाच्या ग्रंथीच नाहीत. तिच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोन मार्ग आहेत. तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) आणि पाय यांच्या उघड्या कातडीतून थोडी जाते. बाकीची चोच उघडून धापा टाकताना श्वासनलिकेतल्या ओलाव्याची वाफ होऊन जाते. हवा कोरडी असेल तर ही वाफ झपाट्याने होते. हवाच दमट असेल तर कोंबडी धापा टाकत राहते आणि उष्णता आतच कोंडते.

आकड्यांत सांगायचं तर ४५ अंश आणि १० टक्के आर्द्रता असलेली हवा पाण्याच्या बाष्पीभवनाने जास्तीत जास्त २१-२२ अंशांपर्यंत गार होऊ शकते. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची हवा २९ च्या खाली जातच नाही. पारा ११ अंशांनी कमी, पण कोंबडीसाठी सुटकेची वाट अरुंद. भारतीय हवामान विभागसुद्धा मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंशांची अट धरतो आणि किनारपट्टीला ३७ ची. एकाच पाऱ्याने दोन्हीकडची हवा मोजता येत नाही, हे तिथेही मान्य आहे.

रात्रीचा विचार तर त्या मजकुरात कुठेच नाही. वाळवंटात कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे सूर्य मावळल्यावर तापमान भराभर उतरतं, आणि दिवसभर तापलेली कोंबडी रात्री निवते. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारी ३२-३३ अंश असले तरी पहाटेही २६ च्या आसपासच असतात. आदल्या दिवशीची उष्णता पुरती उतरायच्या आत दुसरा दिवस उजाडतो. मे अखेरीस सलग उकाड्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी चांगली तलंग (तरुण कोंबडी) अचानक का जाते, त्याचं एक मोठं कारण हे.

धापांचा परिणाम अंड्यावरही होतो. सतत धापा टाकल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचा तोल अल्कलीकडे झुकतो आणि कवचासाठी लागणारा कॅल्शियम पुरेसा मिळत नाही. उकाड्यात शिंपल्यांचा चुरा घालूनही कवच पातळ राहतं ते त्यामुळे. खाणं कमी झालेलं असतं, ते वेगळंच.

आता फॉगर आणि ओली गोणपाटं. कोरड्या विदर्भात घरोघरी कूलर आहेत आणि आपल्याकडे कोकणात नाहीत, यात सगळं आलं. दमट हवेत फवारलेलं पाणी उडत नाही, ते कोंबडीच्या पिसांवर आणि खालच्या तुसावर बसतं. ओल्या तुसातल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वास आणखी जड होतो. त्याहून वाईट म्हणजे रक्ती हगवण. या रोगाच्या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ऊब, ओल व हवा मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात. वाळवंटातल्या कोरड्या मातीत ती बरीचशी सुकून मरतात. इथे आपण फॉगर लावून त्यांची सोय करून देतो. फक्त एका वेळी फवारा उपयोगी पडतो: फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, समुद्रावरचा वारा उशिरा येतो आणि पारा ३७-३८ वर चढतो तेव्हा. त्या दुपारी छपरावर पाणी मारा, खुराड्याच्या आत नको.

जाड बंद भिंतींचा सल्ला तर थेट उलटा आहे. वाळवंटात दुपारचा वारा ४५ अंशांचा, म्हणजे कोंबडीच्या अंगापेक्षा गरम. तो अंगावर आला तर ती आणखी तापते, म्हणून तिथे मातीच्या जाड भिंती आणि सावली. आपला वारा ३३ अंशांचा, तिच्या अंगापेक्षा ८ अंशांनी गार. तो जितका वाहील तितका तिला हवा असतो. म्हणून कोकणात खुराड्याला चिऱ्याची भिंत हवीच असेल तर गुडघाभर पुरे, वर चारही बाजूंनी जाळी. मुंगूस आणि रानमांजर यांची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय बारीक वेल्डेड जाळीचा, भिंतीचा नव्हे. खाऱ्या वाऱ्याची बाजू मोकळी ठेवा आणि पश्चिमेचं तिरपं ऊन अडवायला झावळ्यांचा झाप बाहेर झुकता बांधा. पत्र्याचं छप्पर असेल तर त्यावर झावळ्या टाका. नुसता पत्रा दुपारी वरून भाजतो.

'गावठीला उन्हाळा बाधत नाही' हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण या वाक्याच्या भरवशावर लोक कोंबड्या पत्र्याच्या पेटीत डांबतात. गावठी कोंबडी अंगाने हलकी, अंडी कमी देणारी, म्हणून तिच्या शरीरात उष्णताही कमी तयार होते. शिवाय ती मोकळी असते. दुपारी काजूखाली, माडाच्या आळ्यात, शेतावरच्या मांगराच्या (खोपीच्या) सावलीत ओलसर माती उकरून अंग टेकते. तिचे पूर्वज जंगलातले आहेत, सावलीत राहणारे. सावली, मोकळीक आणि माती काढून घेतली तर तीही मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबडीसारखीच धापा टाकेल, एवढंच की ब्रॉयलर तिच्या आधी मरेल.

भिजवलेल्या कोंड्याबद्दल थोडक्यात. वाळवंटात उरलेला कोंडा वाळून जातो, इथे तो दुपारपर्यंत आंबतो आणि पुढे बुरशी धरतो. शिवाय पचनाची उष्णता खाल्ल्यानंतरच्या काही तासांत वाढते. दाणे पहाटे आणि संध्याकाळी द्या. दुपारी फक्त पाणी, तेही सावलीत, दोन-तीन वेळा बदललेलं. उकाड्यात कोंबडी एरवीच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त पाणी पिते.

पंख सैल सोडून, मान पुढे काढून उभी असलेली कोंबडी दिसली तर ती सावलीत आणा आणि तिचे पाय विहिरीच्या पाण्यात ठेवा. पाणी २७-२८ अंशांचं असलं तरी तिच्या अंगापेक्षा कितीतरी गार असतं. ही उष्णता थेट पाण्यात उतरते, त्याला हवा कोरडी असण्याची गरज नाही.

राहिलं 'पाऊस पडला की सुटलात'. उकाडा कमी होतो हे खरं, पण कोकणात रक्ती हगवण आणि बुरशी यांचा जोर तेव्हाच सुरू होतो. मृगाआधी जुनं तूस पूर्ण काढून जमीन उन्हात वाळू द्या, त्यावर चुना भुरभुरा आणि कोरडं तूस जाड पसरा. वाऱ्याच्या बाजूला गुंडाळता येईल असा ताडपत्रीचा पडदा लावा, सर येईल तेव्हा खाली, उघडीप मिळेल तेव्हा वर. दाण्याचं पोतं जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा. आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस राहिली असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पावसाच्या आधीच देऊन घ्या.