फुगे फोडून झाले असतील तर स्कॉलरशिपचा फॉर्म कसा भरायचा ते सांगा

यापुढे कोणी माइक धरून ‘एनर्जी कुठंय, गाईज?’ असं ओरडलं ना, तर तो माइकच हिसकावून घेणार आहे मी. एनर्जी सकाळच्या पीएमपी बसला लटकताना गेली. उरलेली तुमच्या फुग्यांत गेली.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं इंडक्शन, म्हणजे नव्या पोरांना कॉलेजची ओळख करून द्यायचा कार्यक्रम, चाललंय आमचं. कॉलेजने बाहेरून एक ट्रेनर आणलाय. त्याने सगळ्यांना गोलात उभं केलं, अनोळखी पोरापोरींचे घामट हात एकमेकांत कोंबले आणि म्हणे, आता हात न सोडता गुंता सोडवा. एका मुलीने नको म्हटलं, तर तिला सगळ्यांसमोर कम्फर्ट झोनवर प्रवचन. नाही म्हणायची सोयच नाही का इथे?

मग ओळख. नावाच्या पहिल्या अक्षरावरून स्वतःला विशेषण लावायचं, तेही इंग्रजीतच. नांदेडकडचा एक जण अडला. बारावीपर्यंत मराठीत बोललेला पोरगा, दोनशे जणांसमोर माइक हातात घेऊन नुसता उभा. सगळे हसले. ट्रेनरही हसला! त्या पोराने नंतर दिवसभर तोंड उघडलं नाही. झालं टीम बिल्डिंग?

वर्तमानपत्रांचा मनोरा उभारायच्या खेळात दोघं राबले, एकाने हुकूम सोडले, बाकीचे रील बघत बसले. चॉकलेट मिळालं हुकूम सोडणाऱ्याला, ‘लीडर’ म्हणून. (पुढच्या चार वर्षांच्या ग्रुप प्रोजेक्टची तयारी म्हणून हा खेळ एक नंबर आहे, हे मान्य.)

आणि डोकं कशाने फिरतं माहितीये? एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 2017 मध्ये हे इंडक्शन आणलं तेव्हा कागदावर ते चांगलं होतं. 3 आठवडे, साधारण 20 मुलांमागे एक शिक्षक, खेळ, कला, आपल्या विभागाची ओळख, आजूबाजूचा परिसर दाखवणं. पोरगं घर सोडून आलंय, त्याला विचारणारं कोणीतरी हवं, हा हिशोब. आमच्याकडे त्या शिक्षकाचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही. ट्रेनरला पैसे दिले, फोटो काढले, रिपोर्टला चिकटवले, विषय संपला. कॅपच्या, म्हणजे सरकारी ॲडमिशन प्रक्रियेच्या, शेवटच्या राउंडला ॲडमिशन मिळालेली पोरं तर हे सगळं आटोपल्यावर येणार. ती टीमबाहेरच का?

आम्हाला काय हवंय ते विचारा की एकदा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, फॉर्म कधी भरायचा? आधार बँकेला लिंक नसेल तर काय? नॉन-क्रिमीलेअर सर्टिफिकेट नवीन काढायचं का? पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आपल्याला बसतो का? एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमच्या गणितात, पोरं का लटकतात? मेसचं जेवण सोसलं नाही तर डॉक्टर कुठे? यातल्या एकाचंही उत्तर फुग्यात नव्हतं.

माझी ज्यांच्याशी खरी ओळख झाली ती स्टुडंट सेक्शनच्या रांगेत. एकाकडे झेरॉक्स जास्त होत्या, एकाकडे स्टेपलर होता, आणि खिडकीतल्या बाईंनी ‘जेवणानंतर या’ म्हणून हाकलल्यावर सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या. एकही ट्रेनर लागला नाही.

उद्या म्हणे ट्रेझर हंट आहे. ठेवा पहिला क्लू त्याच खिडकीत. संध्याकाळपर्यंत एकही टीम पुढे सरकली तर मी स्वतः त्या ट्रेनरसाठी टाळ्या वाजवीन.