‘किल्ला’, बंड्या आणि ‘एक कोकणी वाचक’

‘एक कोकणी वाचक’ यांस,

खरं नाव दिलं असतंत तर नावाने हाक मारली असती. असो.

‘किल्ला’ या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय, त्याचा गोषवारा इतरांसाठी देतो. सिनेमात वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो आणि तिथे त्याला बंड्या आणि कंपनी भेटते. तुमचं म्हणणं असं: सिनेमा संथ आहे. पाऊस आणि समुद्र पर्यटनाच्या जाहिरातीसारखे टिपलेत. आईच्या ऑफिसचं प्रकरण नीट उलगडत नाही. आणि मग हे वाक्य, जे तुमच्याच शब्दांत देतो: ‘बंड्या आणि कंपनी म्हणजे पुण्याच्या मुलाला मोठं करायला ठेवलेलं सामान, तो निघून गेल्यावर त्यांचं काय झालं याच्याशी ना दिग्दर्शकाला देणंघेणं, ना लेखकरावांना.’

लेखकराव! इतकी वर्षं लिहितोय, लोक भांडले, चुका काढून गेले, त्यातल्या बऱ्याच जणांशी आज बोलणं आहे. पण सिनेमावरचा राग सिनेमा आवडणाऱ्यावर काढायचा, वर त्याला ‘बदलीवाल्यांचं कोकणप्रेम’ असं लेबल लावायचं, हे काही मला पटलेलं नाही. मी लेखात ‘आमच्या वडिलांच्या बदल्या होत’ असं एका ओळीत लिहिलं होतं. तुम्ही तेवढंच उचललंत. बाकीचा लेख वाचलात का, अशी शंका येते.

काही शॉट गरजेपेक्षा लांबलेत, हे मान्य. अविनाश अरुण मुळात छायालेखक. इथे दिग्दर्शन त्यांचं आणि कॅमेराही त्यांचाच, तेव्हा स्वतः टिपलेला पाऊस कापायला हात धजला नसेल. पण ‘संथ’ म्हणाल तर 2014 साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात जनरेशन केप्लस या मुलांच्या सिनेमांच्या विभागात याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला, आणि तो देणारी ज्युरी मुलांची असते. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या पोरांना सिनेमा धरून ठेवतो आणि आपल्याला घड्याळ बघावंसं वाटतं, तर त्याला मी काय करू? ऑफिसच्या प्रकरणाचं म्हणाल तर आई झालेल्या अमृता सुभाषचा चेहरा पुन्हा एकदा बघा, एवढंच सुचवतो.

आता ते ‘सामान’.

बंड्या सामान आहे? बंड्या झालेल्या पार्थ भालेरावला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तो काय पडद्यावर खुर्चीसारखा ठेवला होता म्हणून? तो आला की चिन्मय बाजूला पडतो. चिन्मय झालेला अर्चित देवधर उत्तमच आहे, पण त्याच्या वाट्याला गप्प राहणं आलंय. सगळी ऊब, सगळा वात्रटपणा बंड्याकडे. सिनेमा बघून आल्यावर लोक कोणाबद्दल बोलतात ते आठवा. चिन्मयबद्दल कोणी बोलत नाही हो.

आणि किल्ल्यातला तो प्रसंग. भर पावसात चिन्मय आत राहतो, बाहेर येऊन बघतो तर बाकीचे निघून गेलेले. तुमचं म्हणणं, गावातली पोरं दगाबाज दाखवली. कुठे दाखवली? पाऊस आला, पोरं पळाली. अकरा-बारा वर्षांची पोरं हजेरी घेऊन पळत नाहीत. दगा झालाय तो चिन्मयच्या डोक्यात, कारण त्याचे वडील गेलेत, पुणं सुटलंय आणि आपल्याला सगळे टाकून जातात हे त्याने आधीच ठरवून ठेवलंय. मग तो बोलणं टाकतो, एकटा भटकतो, त्या मच्छीमाराबरोबर समुद्रात जातो. सिनेमा त्याची बाजू घेत नाही, फक्त त्याच्याजवळ उभा राहतो. एवढा फरक कळू नये?

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. शाळा अर्ध्यावर बदलणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. वर्गात शिरलं की पहिल्या मिनिटात दिसतं, बाकं वाटून झालेली आहेत, टोळ्या ठरलेल्या आहेत, टोपणनावंही देऊन संपलीत. तुम्ही पाहुणे. एका गावात मला एक मित्र मिळाला. विहिरीत पोहायला त्याने शिकवलं, म्हणजे ढकलून दिलं. पुढे बदली झाली तेव्हा पत्र लिहायचं ठरलं. मी लिहीत राहिलो, त्याचं एकही आलं नाही. खूप वर्षांनी एका लग्नात तो भेटला. मी विहीर काढली, मास्तर काढले, एकमेकांना दिलेली वचनं काढली. तो हसून ऐकत होता. मग म्हणाला, ‘दर दोन-तीन वर्षांनी एक साहेबाचा पोरगा यायचा रे. कोणाकोणाला लक्षात ठेवायचं?’ आणि जेवणाच्या पंगतीकडे गेला.

आता तुम्हीच सांगा, सामान कोण? जो गावात राहिला, त्याच्याकडे गाव होतं, विहीर होती, नवा मित्र होता. मी टेम्पोत बांधून पुढच्या गावाला गेलो. ज्याला विसरलं जातं तो मी, आणि वापरून घेतल्याचा आरोपही माझ्यावरच? शेवटी चिन्मयच्या आईची पुन्हा बदली होते, तेव्हा मला त्या मुलाची काळजी वाटली. बंड्याची वाटली नाही, खोटं कशाला सांगू? बंड्या निभावून नेईल. त्याच्यामागे सिनेमा जात नाही, कारण त्या गाडीत बसलेल्या मुलालाही बंड्याचं पुढे काय झालं ते कधी कळणार नाहीये. त्याला जेवढं दिसलं तेवढंच आपल्याला दिसतं.

बंड्याच्या बाजूने एक सिनेमा व्हायला हवा, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. जरूर व्हावा, मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन. पण एक सिनेमा दुसरा सिनेमा का झाला नाही म्हणून त्याला झोडपायचं, ही कुठली समीक्षा?

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर सिनेमावर लिहा. माझ्या वडिलांच्या नोकरीवर नको.