दर डिव्हाइसला 120 ओहम? जरा थांबा

कुपवाड एमआयडीसीतल्या पॅनेलवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय. आरएस-485 (वीजमीटरसारखी अनेक डिव्हाइसं एकाच जोडतारेवर बसवायची पद्धत) वर मॉडबस (त्यांच्या संवादाची भाषा) चालवायचं तर कुठलीही दोन कोअरची वायर घ्या, स्टारमध्ये (एका मध्यबिंदूपासून प्रत्येकाला वेगळी वायर) जोडा, प्रत्येक डिव्हाइसला 120 ओहमचा रेझिस्टर टाका, शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ करा, आणि ए-बी या सिग्नलच्या दोन वायरी उलट्या लावू नका, नाहीतर पोर्ट जळतो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजपर्यंत हा मेसेज पोचलाय.

आधी रेझिस्टर, कारण सगळ्यात जास्त घोळ तोच घालतो. केबलच्या टोकाला पोचलेला सिग्नल परत उसळू नये एवढंच त्याचं काम. म्हणून तो दोनच ठिकाणी लागतो, लाइनच्या पहिल्या आणि शेवटच्या टोकाला. दहा डिव्हाइसना दहा लावले तर समांतर जोडणीत उरतात 12 ओहम. ड्रायव्हरने, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या चिपने, 54 ओहमच्या लोडवर किमान 1.5 व्होल्ट द्यावेत, एवढीच हमी स्टँडर्ड देतं. 12 ओहमवर तो दबतो. गंमत अशी की टेबलावर रीडिंग तरीही येतं. शेडमध्ये कॉम्प्रेसरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू झाला की टाइमआऊट (उत्तर वेळेत न येणं) यायला लागतात, आणि बिल फाटतं मीटरच्या नावावर. सगळ्यांची पॉवर बंद करून ए आणि बीमध्ये मल्टिमीटर लावा. साठच्या आसपास दिसलं तर ठीक. 120 म्हणजे एक टोक सुटलंय. चाळीस किंवा त्याखाली असेल तर कुणाचा तरी टर्मिनेशनचा डिप स्विच (डिव्हाइसच्या आतला 120 ओहमचा रेझिस्टर जोडणारा) ऑन राहिलाय. लाइन छोटी आणि स्पीड 9600 (बिट प्रति सेकंद) असेल, तर दहा रेझिस्टरपेक्षा एकही नसलेला बरा.

स्टारचा मुद्दा अर्धा खरा आहे. 9600 ला एक बिट सुमारे 104 मायक्रोसेकंदांचा, आणि 50 मीटरच्या फाट्यातून सिग्नल जाऊन परत यायला लागतो जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद. उसळी बिटच्या मध्यापर्यंत विरून जाते. म्हणूनच ‘आमच्याकडे चालतंय की’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण 115200 ला बिट पावणेनऊ मायक्रोसेकंदांवर येतो आणि ही सवलत आटते. शिवाय स्टारला दोन टोकं नसतातच, मग रेझिस्टर लावणार कुठे? नवीन काम असेल तर सरळ टर्मिनलवर इन-आऊट लूपिंग करा, म्हणजे एका डिव्हाइसवरून वायर पुढच्यावर न्या.

वायर पिळाची हवी. कॅट-5 (कॉम्प्युटर नेटवर्कची केबल) चाही पेअर चालतो. पण मेसेजातला खरा धोका ‘दोन’ या आकड्यात आहे. सगळ्या डिव्हाइसचा सिग्नल ग्राउंड एकत्र जोडणारी तिसरी कॉमन वायर नसेल आणि दोन शेडचं अर्थिंग वेगळं असेल, तर रिसीव्हरची उणे 7 ते अधिक 12 व्होल्टची मर्यादा सहज ओलांडली जाते. शील्डचंही तेच. अर्थिंग वेगळं असेल तर दोन्ही टोकं जोडल्यावर तिच्यातून करंट वाहतो. एकाच शेडमध्ये बाँडिंग (सगळं अर्थिंग एकमेकांना पक्कं जोडणं) नीट असेल तर चालतं, प्रोफिबसवाले (आरएस-485 वरचीच दुसरी पद्धत) तसं करतातही. ही अट मेसेजात नाही.

ए-बी उलटल्याने पोर्ट जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. काही कंपन्या ए ला प्लस म्हणतात, काही मायनस, तेव्हा दोन वायरी अदलाबदल करून बघा. पोर्ट जळतो तो चुकून 24 व्होल्ट लागल्यावर, किंवा वळवाच्या विजा कडाडत असताना दोन शेडमधल्या उघड्या केबलमधून सर्ज आल्यावर. तिथे सर्ज प्रोटेक्टर लावा, आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) कन्व्हर्टर घ्या.