पहिली आहेच हो, दुसरी कुठंय?

परवा एका कॉलेजमधून फोन आला, महिला दिनाच्या कार्यक्रमाला या म्हणून. इथपर्यंत ठीक. पण पुढे म्हणे, मॅडम तुमची ओळख "या क्षेत्रातल्या पहिल्या महिला" अशी करून देतो. मी म्हणलं अहो कसली पहिली, मी पहिल्यांदा विजेच्या सबस्टेशनच्या यार्डात पाय ठेवला १९९४ ला, आणि हेच काम आयुष्यभर करून एक बाई त्याच्या पंधरा वर्षं आधी हे जग सोडूनही गेली होती. पलीकडे शांतता. मग हळूच, "बरं मग बॅनरवर काय छापू?"

तर ती बाई म्हणजे ए. ललिता. मद्रासची, जन्म १९१९. घरात भाऊ इंजिनिअर होणार आणि बहिणींनी जेमतेम शिकायचं असा रिवाज, पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी नवरा गेला तेव्हा मांडीवर चार महिन्यांची मुलगी. त्या काळातल्या विधवेचं पुढं काय व्हायचं ते आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा. हिने मात्र ठरवलं शिकायचं, आणि डॉक्टर नको, कारण मध्यरात्री पेशंटसाठी लेकराला टाकून जावं लागेल. नऊ ते पाचची नोकरी हवी म्हणून इंजिनिअरिंग! हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, कारण आमच्या धंद्यात विजेची लाईन ट्रिप व्हायची, म्हणजे बिघाड होऊन आपोआप बंद पडायची, ती रात्री दोनलाच.

मद्रासच्याच गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वडील पप्पू सुब्बाराव इलेक्ट्रिकलचे प्रोफेसर. त्यांनी प्रिन्सिपॉल चाको यांना गळ घातली आणि १९४० ला ॲडमिशन मिळाली. वशिला म्हणा हवं तर, मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या लेखी खरी गोष्ट याच्या पुढची आहे आणि ती कुणी सांगतच नाही. सगळ्या कॉलेजात ही एकटी मुलगी, हॉस्टेलला एकटी, काही महिन्यांत जीव नकोसा झाला. तेव्हा वडिलांनी "सहन कर बाळा" असं सांगितलं नाही, कॉलेजच्या मागे लागले की अजून मुली घ्या, तशी जाहिरात करा. आणि पुढच्या वर्षी लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया, दोघी सिव्हिलला आल्या. महायुद्धामुळे कोर्स थोडा आवरता घेतला म्हणून तिघी बरोबरच पास झाल्या. सर्टिफिकेटवर छापलेलं इंग्रजी "He" खोडून हाताने "She" लिहायला लागलं, कारण छापताना मुलगी पास होईल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

पुढे जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपला अप्रेंटिसशिप, सिमल्याला सेंट्रल स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशनमध्ये नोकरी, मधे वडिलांना त्यांच्या संशोधनात मदत, आणि १९४८ पासून कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये. तिथे भावाचं घर होतं म्हणून लेकीची सोय झाली. रिटायर होईपर्यंत म्हणजे १९७७ पर्यंत तिथेच, मधे कंपनीचं नाव बदललं तेवढंच. काम काय, तर ट्रान्समिशन लाईनचं डिझाईन, प्रोटेक्शन, सबस्टेशनचे लेआऊट. भाक्रा नांगलच्या कामातही तिचा हात आहे. धरणाचा फोटो सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात बघितलाय, पण तिथली वीज गावापर्यंत सुखरूप पोचवायला काय लागतं ते पुस्तकात नसतं. एका लाईनवर झाड पडलं तर तेवढीच लाईन सुटली पाहिजे, अख्खा भाग अंधारात जायला नको, हे ठरवणारं डोकं म्हणजे प्रोटेक्शन. हेच मी करते, तीस वर्षं झाली, आणि अजूनही ब्रेकर, म्हणजे लाईन तोडणारा मोठा स्विच, बरोबर वेळेला सुटला की अंगावर काटा येतो.

१९६४ ला न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि सायंटिस्टची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. आपल्याकडे अशी संघटनाच नव्हती, बाई स्वतःच्या हिमतीवर गेली. तिथून आल्यावर लंडनच्या वीमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीची मेंबर झाली आणि १९६७ च्या केंब्रिजच्या परिषदेसाठी भारताची बाजू तिनेच सांभाळली. म्हणजे बघा, हॉस्टेलला एकटी रडलेली पोरगी पंचवीस वर्षांनीही दुसऱ्या बायका जोडायचंच काम करत होती.

आता माझं. पहिल्या साइटवर बायकांना संडास नव्हता. मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही, मे महिन्यात, यार्डातल्या खडीवर उभं राहून रिले टेस्टिंग (रिले म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला सुटायला सांगणारं यंत्र). कुणी वाईट वागलं असंही नाही, उलट लोक "ताई सावलीत बसा" म्हणायचे, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा कारण सावलीत बसून काम कोण शिकतं. पण एकटी काय बोलणार! सहा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टरकडे अजून एक मुलगी आली, आम्ही दोघी मिळून साहेबाकडे गेलो, आठवड्यात पत्र्याचा का होईना संडास उभा. मी एकटीने तीनदा सांगितलं होतं बरं का आधी.

म्हणून मला ते मोटिव्हेशनल लेक्चर द्यायला आवडत नाही. रविवारी पॉलिटेक्निकच्या पाचसहा मुली घरी येतात. भंगारातून आणलेला जुना चकतीचा रिले आहे माझ्याकडे, ललिताबाईंच्या काळातला प्रकार. करंट वाढवला की चकती जोरात फिरते, जेवढा मोठा फॉल्ट तेवढं लवकर ट्रिप, हे डोळ्यांनी दिसतं. पुस्तकात तीन पानं वाचून न कळलेलं पोरींना दोन मिनिटांत कळतं आणि मग ती चकती फिरवायला भांडणं. त्याच्याबरोबर परमिट, म्हणजे काम करायची लेखी परवानगी, हातात आल्याशिवाय आणि अर्थिंग, म्हणजे लाईन जमिनीला जोडलेली, स्वतः बघितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, साहेब ओरडला तरी, हे घोकून घेते.

आणि साइटवर पाठवायच्या वेळी दोघींना एकत्र पाठवते. कंपन्या म्हणतात मॅडम, आम्हाला एक मुलगी चालेल, आमच्याकडे एक लेडी इंजिनिअर आहेच की. ही "आहेच की" मला सगळ्यात जास्त टोचते. एक घेतली की यांचा फोटो झाला. कॉलेजला मी शेवटी सांगितलं, बॅनरवर ललिता, थ्रेसिया आणि लीलम्मा तिघींची नावं छापा, माझं नाही छापलं तरी चालेल, आणि जेवणाचं, बुकेचं जे काही बजेट असेल त्यात दोन मुलींचे सेफ्टी शूज येतात का बघा, पाच आणि सहा नंबर.

अजून एक, जूनपासून दोघी जणी कराडजवळ एका साइटवर जाणार आहेत, सहा महिने. कुणाची खोली असेल, भाडं माफक, नळाला पाणी आणि आतून कडी असली की झालं, तर इनबॉक्स करा. एकीला मिळेल असं सांगू नका, दोघींचीच सोय हवी.