‘एका ओळीत युनिकोडचं अ‍ॅस्की’: ही ओळ ग्राहकांच्या यादीवर चालवू नका

‘मराठी नावांमुळे सॉफ्टवेअर अडतं. पायथनची एक ओळ चालवा: आधी एनएफकेडी, मग अ‍ॅस्कीत एनकोड, एरर इग्नोअर. काहीही हरवत नाही, फाइल हलकी होते, एक्सेलही नीट उघडतं.’ हा मेसेज फिरत फिरत महापेला ट्रेनी असलेल्या माझ्या भाचीपर्यंत पोचला, आणि ती ओळ ती ग्राहकांच्या पत्त्यांवर चालवायला निघाली होती. आता पुरे झालं.

‘काहीही हरवत नाही’ हे धादांत खोटं आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक, अ‍ॅस्की म्हणजे रोमन अक्षरांपुरती जुनी यादी, आणि एनएफकेडी म्हणजे युनिकोडची अक्षरं सुट्या भागांत मोडायची पद्धत. ही युक्ती फ्रेंच, स्पॅनिशसारख्या मजकुरासाठीची. तिथे एनएफकेडी अक्षर आणि त्यावरची खूण सुटी करतं, ‘एरर इग्नोअर’ अ‍ॅस्कीत न बसणारी ती खूण गाळतं आणि रोमन अक्षर उरतं. देवनागरीत उरायला रोमन अक्षर आहेच कुठे? अ‍ॅस्कीचे क्रमांक ० ते १२७. आपल्या ‘ठ’चा २३३६. ‘काळे, नौपाडा, ठाणे ४००६०२’ यातून उरतात दोन स्वल्पविराम आणि तीन स्पेस. मराठी अंकांतला पिनकोडही गेला! एररही येत नाही, कारण ती गिळायला तुम्हीच सांगितलेलं असतं. फाइलींवर चालवलंत तर ‘पावती-काळे’ आणि ‘पावती-माने’ या दोन्ही पीडीएफचं नाव नुसतं ‘-’ होतं आणि दुसरी पहिलीवर लिहिली जाऊ शकते. युनिकोड मानकाचं परिशिष्ट १५ स्पष्ट बजावतं: एनएफकेडी आणि त्याचं भावंड एनएफकेसी सरसकट कुठल्याही मजकुरावर लावू नका. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडलेलंही दिसत नाही.

फाइल हलकी होते, खरंय. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत ‘ठाणे’ला १२ बाइट लागतात, रोमन स्पेलिंगला ५. एसएमएसचंही मान्य: एक देवनागरी अक्षर आलं की १६० ऐवजी ७० अक्षरांची मर्यादा. मग रोमन नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, मूळ नावाला हात लावू नका. रोमनमधून उलटं येता येत नाही. ‘काळे’ आणि ‘काले’ तिथे एकच.

एक्सेलमध्ये सीएसव्हीचा कचरा दिसतो तो बहुतेकदा बीओएम, म्हणजे ‘ही फाइल यूटीएफ-८ आहे’ सांगणारी सुरुवातीची खूण, नसल्याने. पायथनमध्ये फाइल लिहिताना एनकोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, किंवा एक्सेलच्या डेटा टॅबमधून फाइल घेताना ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं येत असतील तर टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ (तिथलं पूर्ण यूटीएफ-८) करा. प्रश्नचिन्हं होऊनच साठलेली नावं मात्र बॅकअपमधूनच आणावी लागतील.

जुनी यंत्रणा अ‍ॅस्कीवरच अडून बसली असेल तर जेसन या डेटा लिहायच्या मजकूर-प्रकारातले एस्केप वापरा, म्हणजे अक्षराऐवजी त्याचा क्रमांक लिहायचा. ‘ठ’चं बॅकस्लॅश-यू-०९२० होतं (तोच २३३६, सोळाच्या पद्धतीत लिहिलेला) आणि वाचताना पुन्हा ‘ठ’ मिळतो. पायथनचं जेसन मॉड्यूल काही न सांगता हेच करतं.