कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यायचंच असतं

‘सरकारी ठेकेदारांनो, हे वाचाच’ असा मेसेज सध्या ठेकेदारांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात चार मुद्दे आहेत: काळ्या यादीची (म्हणजे सरकारी कामं घेण्यावर बंदीची) नोटीस आली तर उत्तर देऊ नका (दिलं की चूक कबूल झाली), अंतिम बिलावर सही केली की दावे संपले, सरकारकडचा पैसा कधीही मागता येतो, बिल 45 दिवसांत मिळालं नाही तर लघुउद्योग कायद्याने तिप्पट व्याज. लिहिणाऱ्याचं नाव नाही. तरी माझ्या आतेभावाने तो खरा मानला. हिंगण्याकडे नाल्या-रपट्यांची लहान कामं घेणारा माणूस, त्याने आलेली नोटीस तशीच फाईलला लावून ठेवली आणि उत्तराची मुदत संपत आली होती.

पहिल्या मुद्द्याचा मला खरोखर संताप आहे. काळ्या यादीत टाकण्याआधी बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने इरुशियन इक्विपमेंट प्रकरणात 1974 सालापासून सांगून ठेवलंय. 2014 च्या गोरखा सिक्युरिटी निकालात तर न्यायालय आणखी पुढे गेलं: काळ्या यादीत टाकायचा विचार आहे, हे नोटिशीतून स्पष्ट कळलं पाहिजे. आता भावाची नोटीस बघा. काम रेंगाळल्याचा ठपका, आणि शेवटी ‘आपणाविरुद्ध नियमानुसार पुढील कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.’ कोणती कार्यवाही? एक शब्द नाही. हेच उत्तरात लिहायचं असतं. सोबत जागा उशिरा ताब्यात मिळाल्याचं पत्र, विजेचा खांब हलवा म्हणून दिलेले अर्ज, साइटवरच्या नोंदी जोडायच्या आणि कार्यालयाच्या आवक शिक्क्याची पोच घ्यायची. गप्प बसलात तर आदेशात ‘संधी देऊनही खुलासा प्राप्त झाला नाही’ हे वाक्य येतं, आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिलाला आधी त्याच वाक्याशी झगडावं लागतं. इकडे प्रत्येक नव्या निविदेत ‘काळ्या यादीत नाही’ असं शपथपत्र मागतात. एका विभागाचा आदेश सगळीकडे आडवा येतो, तो असा.

अंतिम बिलाचं अर्धं खरं आहे. ‘काही येणे नाही’ असं लिहून दिलं असेल तर दावा अवघड होतो. पण सही दबावाखाली घेतली असेल तर दार बंद होत नाही, हे बोघारा पॉलिफॅब निकालात आहे. दबाव होता हे नुसतं म्हणून मात्र भागत नाही. सही करतानाच ‘हरकत राखून’ लिहा, किंवा लगेच लेखी हरकत नोंदवा.

लघुउद्योग कायद्यात व्याजाची तरतूद आहे, बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ. पण बांधकामाच्या ठेक्यांना हा कायदा लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलंय. ह्यूम पाइप किंवा पेव्हर ब्लॉक पुरवणाऱ्या नोंदणीकृत लघुउद्योजकाने त्याचा आधार घ्यावा. नाली बांधणाऱ्याने त्यावर हिशेब मांडू नये.

आणि ‘कधीही मागता येतो’ हे तर साफ खोटं. झालेल्या कामाच्या पैशाला साधारणपणे तीन वर्षांचीच मुदत असते, लवादालाही (कोर्टाऐवजी पंचाकडून वाद मिटवण्याला) तीच. साहेब ‘निधी आला की काढतो’ म्हणतात, आपण स्मरणपत्रं देत राहतो, पण आपल्या पत्रांनी मुदत वाढत नाही. ती वाढायला मुदतीच्या आत विभागाने देणं सहीनिशी लेखी मान्य करावं लागतं, नाहीतर काही रक्कम तरी द्यावी लागते. लवादाचं कलम नसेल तर सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तिच्याकडे आधीच वकिलाकरवी लक्ष द्या.