घुमट नाही हो, अलेक्झांडर!

आधीच सांगून टाकतो, मी घुमट, म्हणजे आमच्या गोव्यातलं मडक्यासारखं मातीचं वाद्य, झालो नव्हतो. गेल्या दिवाळीपासून हे इतक्या जणांना सांगितलंय की आता गळ्यात पाटीच अडकवावी म्हणतो.

झालं असं, पणजीत गेम आणि कॉमिकवाल्या पोरांचा एक मेळावा होता, दिवाळीच्या आधीचा रविवार, आणि सगळ्यांनी कॉस्प्ले करून यायचं असं आमच्या ग्रुपवर ठरलं. कॉस्प्ले म्हणजे कॉस्च्युम अधिक प्ले, जपान्यांनी केलेली संधी. आमच्या बाबांच्या भाषेत सोंग. बाबांनी देवळाच्या उत्सवातल्या नाटकांत पंचवीस वर्षं कामं केलीयत, त्यामुळे वेषभूषेवर बोलायचा हक्क घरात त्यांचाच. ग्रुपवर बाकीच्यांनी तलवारवाले, पंखवाले, पोटाला सहा बिस्किटंवाले हीरो आधीच पटकावले होते. माझी अंगकाठी बघता (यातली काठी आमच्या घराण्यात कुणालाच लागू नाही) मी 'एल्डन रिंग'मधला अलेक्झांडर घेतला.

'एल्डन रिंग' हा 2022च्या फेब्रुवारीत आलेला गेम, त्यात आपण मरतो, उठतो, परत मरतो आणि तरी रात्री दोनपर्यंत खेळतो. त्यातला अलेक्झांडर म्हणजे एक लढवय्यं मडकं. खरंच मडकं, माणसापेक्षा थोराड रांजण, त्याला हातपाय फुटलेले, ना तोंड ना डोळे, वर शिक्का मारलेलं झाकण, आणि बोलणं मात्र सरदाराचं. पहिल्यांदा भेटतो तेव्हा स्वारी जमिनीतल्या भोकात अडकलेली असते आणि आपल्यालाच विनवते की बाबा रे, पाठीमागून एक सणसणीत ठेवून दे, म्हणजे सुटेन. पुढे दुसरीकडे परत अडकतो, तिथे आधी अंगावर तेल टाकायचं आणि मग हाणायचं. एवढा शूर आणि एवढा अडकणारा, मला तो पहिल्या दिवसापासून घरचा वाटला.

"संवाद किती पानं?" बाबांनी विचारलं.

"संवाद नाहीत बाबा, नुसतं उभं राहायचं, लोक फोटो काढतात."

"म्हणजे भालदार-चोपदार," म्हणाले आणि पेपर वर घेतला.

तो पेपर मी दुसऱ्या दिवशी फाडला. शेजारच्या वहिनींनी लॉकडाऊनमध्ये जिमचा मोठा फुगा घेतला होता, 75 सेंटीमीटरचा, त्याच्यावर त्या एकदाच बसल्या आणि एकदाच पडल्या, तो मागून आणला. त्यावर पेपरच्या पट्ट्या, मैद्याची खळ, खळीत मोरचूद म्हणजे झुरळं लागत नाहीत. ही मोरचुदाची युक्ती वाड्यावरच्या पोरांची, शेजारच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, दिवाळीच्या पहाटे जाळायचा त्यांचा नरकासुराचा पुतळा चालला होता आणि आपल्याकडे ज्याने एकदा नरकासुराच्या मिशीला हात लावलाय तो जन्मभर कागदकामातला इंजिनियर. दर तासाला एकजण यायचा, माझ्या गोळ्यावर टिचकी मारायचा आणि "ओलं आहे" म्हणून जायचा.

ओलं असणारच, परतीचा पाऊस गोव्यातून परत जायचं नावच घेत नव्हता. सहा थर द्यायचे होते, एकेक थर वाळायला दोन दिवस, टेबल फॅन लावला, हेअर ड्रायर लावला, शेवटी आईची नजर चुकवून इस्त्री फिरवली आणि अख्ख्या घराला करपलेल्या पोळीचा वास. आई म्हणाली, चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगायची ती माटोळी सुद्धा एवढी जागा अडवत नाही. हातांचं जास्त सांगत नाही, भाच्याच्या एबीसीडीवाल्या फोमच्या लाद्या कापून केले. ते पिवळं सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं थांबायचं असतं, मी दोन मिनिटं थांबलो, सगळं सुटलं. दुसऱ्यांदा बरोबर दहा मिनिटं थांबलो आणि 'क्यू' अक्षर माझ्या बर्म्युड्याला चिकटलं ते आजतागायत आहे.

मग फुग्याचं बूच काढलं. त्या आवाजाबद्दल वहिनींशी अजून बोलणं झालेलं नाही.

घात केला तो रंगाने. अलेक्झांडर तसा दगडी, मळकट राखाडी रंगाचा, त्याचा डिस्टेंपर मी आणून ठेवला होता. मी बाजारात गेलो तेवढ्यात बाबांनी प्रेमाने अख्खं मडकं गेरूने रंगवून टाकलं, मडकं म्हटलं की गेरूच ना रे. आत शिरून आरशासमोर उभा राहिलो आणि बघतो तर काय, साक्षात घुमट. 2019मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, त्याला हातपाय फुटायचे तेवढे राहिले होते.

घराच्या दाराचं माप मी आधीच घेतलं होतं, एवढा काही मी हा नाही. बसच्या दाराचं घेतलं नव्हतं. कारण पिकअपवाला मित्र येणार होता, तो सकाळी नरकासुराचे बांबू आणायला गेला. मडकं काखेत मावेना, पाऊस भुरभुरत होता, म्हटलं अंगात घालून नेलेलं बरं, आणि फोंडा-पणजी बसच्या मागच्या दारात एक पाय आत, एक बाहेर असा मी गच्च बसलो.

मला दिसत काहीच नव्हतं. पट्ट्या लावताना निधनवार्तांचं पान नेमकं नाकासमोर आलं होतं, दोन इंचांवर, त्यामुळे बाहेर गोंधळ आणि आत मी कुणाकुणाचं बारावं कधी ते वाचतोय. कंडक्टरचा आवाज, "पात्रांव, घुमटाची तिकेट वेगळी!" मग दोघांनी ओढलं, तिघांनी ढकललं. आतून एक मावशी म्हणाल्या, थांबा, तेल लावा, बांगडी निघत नाही तेव्हा लावतो तसं. त्यांच्याकडे घाण्यावरचं खोबरेल होतं, ते ओतलं. गेरू आणि खोबरेल मिळून जो काही चिखल झाला तो मावशींच्या लुगड्यावर, दाराच्या दांडीवर आणि कंडक्टरच्या नोटांवर. मी तसूभर हललो नाही.

तेवढ्यात मागून कॉलेजच्या वयाचा आवाज आला, "अरे! हा अलेक्झांडर ना?"

खरं सांगतो, मडक्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या दिवसांत ओळखणारा पहिला माणूस. मी आतून ओरडलो, हो हो, तोच! तर तो म्हणाला, "तेल झालं ना? मग आता पाठीमागून." आणि तीन पावलं मागे जाऊन त्याने अशी लाथ घातली की मी थेट लास्ट सीटवर, मडक्याला तडा, खांद्यापासून पोटापर्यंत. गेममधल्या राडान सेनापतीशी लढून आल्यावर अलेक्झांडरलाही तडे जातात, म्हणजे हे तर गेमप्रमाणेच झालं, असं तो पोरगा बाणस्तारीच्या पुलापर्यंत मला समजावत होता.

मेळाव्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. बसता येईना, पाणी पिता येईना. एका पोराला घेऊन आलेल्या काकांनी "जरा हालू नका हां" म्हणून माझ्या पोटावर दोन्ही हातांनी आरतीचा ठेका धरला, गर्दी जमली, कुणीतरी साथीला कासाळें, म्हणजे झांजा, नाहीत म्हणून हळहळला. बक्षीस पंखवाल्याला.

परत आलो तर वाड्यावरची पोरं दारात. नरकासुराला पोट कमी पडत होतं. मोजलं, टिचकी मारली, "आता सुकलंय" म्हणाले आणि घेऊन गेले. हात मी ठेवून घेतले, फोम जळला की वास मारतो.

चतुर्दशीच्या पहाटे नरकासुर पेटला. डोकं गेलं, मिशा गेल्या, बांबू कोसळले, घरोघरी कारीट फोडायची वेळ होत आली, आणि पोट तेवढं मधल्या लोखंडी सांगाड्यात घट्ट अडकून धुमसत राहिलेलं. पोरं काठ्यांनी पुढून ढोसतायत, हलत नाही. बाबा शाल गुंडाळून माझ्या शेजारी उभे होते, बराच वेळ बघत होते, शेवटी न राहवून त्यांनी पोरांना हाक दिली, अगदी रंगमंचावरच्या आवाजात,

"अरे, पुढून काय करताय, पाठीमागून हाणा!"